नऊ वेळा दोन हजार पाच

ऐक ना बे. मधात बोलू नको, चहा थंडा होत असन त होऊ दे, फक्त ऐक. आपली दामिनी माहीत आहे ना, करडीच्या हेमराजभाऊची पोट्टी, भंडाऱ्यात खाम तलावाकडच्या गल्लीत टेकचंदकाकाच्या कारखान्यात कंप्युटरवर कोशाच्या रेशमी साड्यांच्या किनारी काढते? तिची गोष्ट. मंगळवार होता, अकरा मार्च, सकाळचे साडेअकरा. नागपूरहून हातमागाच्या ऑफिसातल्या एक मॅडम आल्या होत्या. दामिनीच्या बाजूले खुर्ची टाकून बसल्या होत्या, अन् टेकचंदकाका मागे उभे, लग्नाच्या फोटोत उभे राहतात तसे, हात पाठीमागे बांधून. मॅडमनं विचारलं, ही किनार कधी काढली ते यात दिसतं का? काका म्हणाले, दिसते ना मॅडम, कंप्युटर कायले खोटं बोलन, पोरी, दाखव. दामिनीनं माउस फिरवला, फाइलींची यादी उघडली, अन् नावासमोर तारीख आली. तीन फेब्रुवारी दोन हजार पाच. मॅडमनं चष्मा नाकावर वर ढकलला अन् म्हणाल्या, "अरे वा, वीस वर्षं झाली की." बस. एवढंच झालं. बाजूच्या खोलीत माग तसेच खटखट चालून राहिले होते, पंखा तसाच कुरकुरत होता. पण दामिनीले असं वाटलं का अंधारात पायरी आहे समजून पाय टाकला अन् खाली पायरीच नाही. कारण ती किनार तिनं काढली होती बे. वीस वर्षांआधी नाही. दोन वर्षांआधी, जानेवारीच्या थंडीत, अंगावर शाल घेऊन, त्याच खुर्चीवर बसून. अन् काका तेव्हा बी मागे उभे होते, म्हणजे त्याहले माहीत होतं, अन् त्याहले माहीत आहे हे तिले माहीत होतं.

आता हे दोन हजार पाच कुठून आलं ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. किनारी काढायचा तो प्रोग्राम काकानं दोन हजार चारच्या दसऱ्याले आणला होता, एका वर्षाच्या परवान्यावर. वर्ष सरत आलं, कंपनीले फोन लावला, त कंपनीच बंद. मंग कोणीतरी अक्कल सांगतली, कंप्युटरची तारीख मागे घ्या, त्या येड्याले काय समजते. दसऱ्याच्या दिवशी काकानं मागांची पूजा केली, सोबत कंप्युटरची बी केली, झेंडूची माळ टाकली, काकूनं, म्हणजे शोभाताईनं, त्याले कुंकू लावलं, अन् मंग काकानं साल मागे नेलं. बावीस ऑक्टोबर दोन हजार चार. पुन्हा एक वर्ष मोकळं. तेव्हापासून तो रिवाजच झाला. दर दसऱ्याले माग पुजायचे, सोनं वाटायचं अन् कंप्युटरले एक साल मागे न्यायचं. ज्या साली अधिक महिना येई त्या साली तो प्रोग्राम दसऱ्याच्या आधीच अडून बसे. मंग काका म्हणत, त्याले बी अधिक महिना पाळू द्या, अन् दसऱ्यापर्यंत कागदावर हातानं काम चाले. शोभाताई दरवर्षी हसे, म्हणे चला, आपन सगळे पुन्हा तरुण झालो. दामिनी दोन हजार सोळात आली, बारावी झाल्यावर. त्या दसऱ्याले काकानं तिचा हात धरून माउसवर ठेवला अन् म्हणाले, घे पोरी, आतापासून हे तुहं काम. कारखान्यात बारा माग, बारा माणसं, सगळे जन्माचे विणकर, अन् ही मासे धरणाऱ्याची पोरगी. तिले एवढं बरं वाटलं होतं का त्या रात्री तिनं घरी फोन करून बापाले सांगतलं, बाबा, आज मी साल बदलवलं. नऊ दसरे तिनं ते काम केलं. नऊ वेळा दोन हजार पाच तिच्या हातानं सुरू झालं.

मधात काय झालं, लॉकडाऊननंतर ते जुनं डबडं जळून गेलं. नवा लॅपटॉप घेतला, त त्याच्यावर तो प्रोग्राम चालेच ना. नव्याले जुन्याची भाषाच समजे ना. मंग बस स्टँडजवळ आपल्या सुगतचं रिपेअरिंगचं दुकान आहे ना, त्यानं दोन दिवस मान मोडून नव्या कंप्युटरच्या पोटात एक जुना कंप्युटर बसवला. हसू नको, असं होते. स्क्रीनवर एक खिडकी, अन् त्या खिडकीत अख्खा जुना कंप्युटर जसाच्या तसा, तोच हिरवा डोंगर, तोच आवाज, कोपऱ्यात तेच मागे नेलेलं घड्याळ. सुगत म्हणे, याले माहीतच नाही का आपन मेलो. खिडकी त्यानं स्क्रीनभर मोठी करून ठेवली, म्हणजे पाहणाऱ्याले वाटावं का हाच कंप्युटर. भिंतीवरच्या कॅलेंडरात मंगळवार, स्क्रीनवर सोमवार. भिंतीवर अकरा मार्च दोन हजार पंचवीस, स्क्रीनवर एकवीस मार्च दोन हजार पाच. दामिनीले त्याची एवढी सवय झाली होती का तिले ते दिसतच नसे, जसं आपल्याले आपलं नाक दिसत नाही. घरून फोन आला का ती भिंतीकडे पाहून तारीख सांगे, अन् फोन ठेवला का परत दोन हजार पाचात जाऊन बसे.

अन् आता ती तिथं बसली होती अन् डोक्यात एकच गोष्ट फिरून राहिली होती, तीन फेब्रुवारी दोन हजार पाचले मी कुठं होती? खऱ्या तीन फेब्रुवारीले. आठ वर्षांची होती. करडीच्या शाळेत, पट्टीवर बसायची, नाक वाहायचं. त्या हिवाळ्यात बापाच्या अंगठ्यात माशाचा काटा रुतला होता, अंगठा पिकला होता, चिंधी बांधली होती. बाप गावच्या बोडीत, म्हणजे त्या छोट्या तलावात, जाळं टाके. ते जाळं मधात फाटलं होतं, अन् बाप आंगणात उन्हाले बसून ते भरत होता. जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेलं, हातात सुई, अन् ही समोर उकिडवी बसून पाहून राहिली. चार गाठी सरळ पडत, पाचवीले चिंधीचा अंगठा आड येई अन् ती तिरपी जाई. पुन्हा चार सरळ, पाचवी तिरपी. बाप कंटाळून म्हणे, पाचवी बदमाश आहे. ही हसे. बास, तेच तिनं अठरा वर्षांनी त्या कंप्युटरवर चौकटी चौकटीनं भरलं, चार सरळ, पाचवी तिरपी, कोशाच्या रंगावर काळ्या धाग्यानं. ते जाळं त केव्हाचंच सडून गेलं होतं. फाइलीले नाव दिलं, बाबा पाच. तेव्हा काका मागून येऊन उभे राहिले होते, अन् तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, हे कुठून आणलं बे पोट्टे? तिनं सगळं सांगतलं, अंगठा, चिंधी, सगळं. आता तोच माणूस मॅडमले सांगून राहिला होता, बाबा म्हणजे आमचे वडील, त्याहची पाचवी आठवण म्हणून ही किनार, वैनगंगेच्या लाटा आहेत पहा, चार शांत अन् पाचवी उसळलेली. अन् सांगता सांगता त्याहचा आवाज भरून आला. खरंच भरून आला, तेच त दामिनीले सहन होईना. खोटं बोलणाऱ्याचा आवाज कोरडा पायजे ना? अन् एक अजून. तिले एक घडी वाटलं का तारीख खोटी नाहीच. ती किनार त्याच हिवाळ्यातली आहे. कंप्युटरनं बरोबर सांगतलं, फक्त कोणाच्या आंगणातली ते नाही सांगतलं.

आता मॅडम आल्या कायले होत्या ते सांगायचं राहिलं. ते ऑफिस जिल्ह्याजिल्ह्यातल्या किनारींचं पुस्तक छापून राहिलं, किनारीचा फोटो अन् खाली काढणाऱ्याचं नाव. दोन याद्या. एक उस्तादांची, तिच्यात यायचं त किनार पंधरा वर्षं जुनी पायजे. दुसरी तिशीच्या आतल्या नव्या कारागिरांची. काकानं हीच किनार आपल्या नावानं पहिल्या यादीत टाकली होती, हे दामिनीले त्या सकाळीच समजलं. दामिनीनं त्याच किनारीचा दुसऱ्या यादीसाठी अर्ज भरला होता, ह्याच टेबलावर, अन् काकानं बाजूले बसून भरून घेतला होता. बापाचं नाव पूर्ण लिही, गाव लिही, करडीचं नाव पुस्तकात येऊ दे. लिफाफा काकाच म्हणाले मी टाकतो. चार दिवसांनी तिनं विचारलं, टाकला का काका? म्हणाले, टाकला ना, तुले भरोसा नाही का? भरोसा होता बे. पण शेवटची तारीख आली, त पक्कं असावं म्हणून तिनं सुगतच्या दुकानातून तोच अर्ज ऑनलाइन बी पाठवला. काकाले सांगतलं नाही, उगाच त्याहले वाटलं असतं पोरीले भरोसा नाही. समजलं का? तिनं काकाचं मन राखायले ते लपवलं.

म्हणून तारीख पाहून झाल्यावर मॅडमनं बॅगेतून दुसरा कागद काढला, तेव्हा खोलीत दोन माणसं एकदम गार पडली. मॅडम म्हणाल्या, मग हे दामिनी हेमराज कोण? हीच किनार, तरुणांच्या यादीत आली आहे, म्हणून तर मी आले. दामिनीनं मान वळवून काकाकडे पाह्यलं. पहिल्यांदा. काका त्या कागदाकडे पाहून राहिले होते अन् त्याहच्या तोंडावर राग नव्हता, आश्चर्य होतं, जसं मेलेलं माणूस दारात उभं राहिलं. तेव्हा तिले समजलं का लिफाफा कधी टाकलाच नव्हता. तारीख पाहून पायरी चुकली होती, आता जमीनच गेली. कारण तोपर्यंत ती मनातल्या मनात काकाची वकिली करून राहिली होती. म्हातारा माणूस आहे, त्याच्या नावाच्या साऱ्या किनारी त्याच्या बापाच्याच, हे अख्ख्या भंडाऱ्याले माहीत, एक स्वतःची पायजे म्हणून मोह झाला असन, घेऊ दे एक, मी दुसऱ्या काढीन. असं सगळं. पण लिफाफा दाबणं म्हणजे मोह नाही ना बे. लिफाफा त ठरवून दाबावा लागते. कपाटात, नाहीतर गादीखाली. अन् मंग रोज सकाळी तिच्याकडून चहा घ्यावा लागते.

काकाले सावरायले पंख्याचा एक फेरा लागला असन. मंग ते हसले, थकलेलं हसू, अन् म्हणाले, "हीच ते मॅडम. आमची ऑपरेटर."

ऑपरेटर. नऊ वर्षांत त्याहनं तिले पोरी म्हटलं, पोट्टे म्हटलं, चिडले त ढीवरीन, म्हणजे मासेवाली, म्हटलं, पण ऑपरेटर कधी नाही. तो शब्द जसा आधीच धुऊन, इस्त्री करून खिशात ठेवला होता. मॅडम वाईट नव्हत्या, त्याहनं दामिनीकडे वळून नीट विचारलं, तू दोन हजार पाचमध्ये किती वर्षांची होतीस? अन् दामिनीच्या तोंडातून उत्तर गेलं बी, शाळेत हजेरी देतो तसं.

"आठ."

खरं बोलली. अन् बोलल्या बोलल्या तिले समजलं का याच्याहून पक्का साक्षीदार काकाले अख्ख्या भंडाऱ्यात मिळाला नसता. मॅडमनं कागदावर आठ लिहिलं. काका पुढे झाले, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला अन् हळू आवाजात म्हणाले, "पोरगी आहे मॅडम. रोज डोळ्यासमोर राहते, त आपलीच वाटाले लागते. माह्या घरची आहे. माफ करून टाका तिले."

त्यानं चोरी केली हे एक झालं बे. पण त्यानं माफ केलं तिले. ती मले सांगे, का त्याच्यानंतर तिले पाठीले खुर्चीचं लाकूड लागून राहिलं होतं अन् त्या लाकडावर काकाची बोटं होती, अन् तिले तिथून सरकता बी येत नव्हतं, कारण सरकली असती त मॅडमले वाटलं असतं माज आहे. दारात शोभाताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. केव्हाची उभी होती कोण जाणे. दामिनीनं तिच्याकडे पाह्यलं. दरवर्षी कुंकू लावणारी तीच, पुन्हा तरुण झालो म्हणणारी तीच, या घरात अजून एक माणूस होतं ज्याले माहीत होतं का ते घड्याळ कसं चालते. शोभाताईनं ट्रे खाली ठेवला, एक कप फिरवून त्याचा कान मॅडमकडे केला, अन् आत गेली. चप्पल न वाजवता.

मॅडम म्हणाल्या, मी पुढे काही वाढवत नाही, एका ओळीत लिहून दे का ही किनार टेकचंदजींची आहे अन् मी अर्ज मागे घेते, विषय संपला. कोरा कागद ठेवला, वर पेन ठेवला. अन् इथं दामिनीले ती दोन बटनं दिसली. सुगतनं शिकवलं होतं, ही दोन बटनं सोबत दाबली का खिडकी लहान होते. म्हणजे जुना कंप्युटर आकसून मधात येतो अन् चारी बाजूंनी नवा दिसाले लागतो, अन् मंग एकाच स्क्रीनवर दोन घड्याळं, एक खरं, एक मागे नेलेलं. तोंड उघडायचं बी काम नाही. कागद उजव्या हाताजवळ, बटनं डाव्या. अन् तिच्या डोक्यात काय काय नाही आलं. त्या मशीनमधल्या वीस वर्षांच्या साऱ्या किनारी खोट्या ठरतील. बारा मागवाले, त्यातले अर्धे तिले ताई म्हणतात. हा माणूस, ज्यानं तिले उभा धागा म्हणजे ताना अन् आडवा म्हणजे बाना हे बोटानं दाखवलं, तापात होती तेव्हा सरकारी दवाखान्यात रात्रभर बाकड्यावर बसला. ते बी खरं होतं ना. तेच त. जर ते सगळं बी खोटं असतं त किती सोपं होतं. बाप आठवला, फोनवर किती खुश झाला होता, साल बदलवलं म्हणून. अन् पेनाचं टोपण उघडंच होतं, तिले वाटलं शाई वाळून जाईन.

तिनं बटनं दाबली.

खिडकी लहान झाली. मॅडम आधी काही समजल्या नाहीत, मंग पुढे वाकल्या. आतल्या कोपऱ्यात सोमवार, दोन हजार पाच. बाहेरच्या कोपऱ्यात मंगळवार, दोन हजार पंचवीस. मॅडमनं एकदा हे पाह्यलं, एकदा ते, अन् हातातला कप बशीत ठेवला. माग चालूच होते. दामिनीले वाटलं आता श्वास घेता येईन. अन् मागून काकाचा आवाज आला, एकदम शांत, त्या सकाळी त्याहनं बोललेलं पहिलं खरं वाक्य:

"विचारा ना मॅडम तिले, हे साल दरवर्षी मागे कोन नेते."

मॅडमनं विचारलं, "कोण नेतं?"

तिचा हात, तिचा माउस, नऊ दसरे. हात धरून शिकवलं कोणी हे सांगावं, त ते सांगायले तोंडच उघडे ना, कारण काका तिच्याकडे अशा नजरेनं पाहून राहिले होते का जसं तिनंच त्याहले फसवलं.

"मी," दामिनी म्हणाली.

मॅडमनं फाइल बंद केली. चिडल्या नाहीत, उलट आवाज थोडा खाली आला. म्हणाल्या, मग या मशीनमधलं मी काहीच धरू शकत नाही. यांचं बी नाही, तुझं बी नाही. दोन्ही अर्जांवर त्याहनं एकेक आडवी रेघ मारली. पण किनार सुंदर आहे, म्हणाल्या, ती पुस्तकात जाईल. अन् दामिनीच्या समोर, त्याच कोऱ्या कागदावर, त्याहनं लिहिलं: भंडारा जिल्हा, पारंपरिक नमुना, कारागीर अज्ञात.

मॅडम गेल्यावर काका मागांच्या खोलीत जाऊन कोणाचा तरी तुटलेला धागा जोडत बसले. दामिनीनं तिची ओढणी घेतली, डबा घेतला. बाहेर पडता पडता शोभाताई दारात आली अन् तिचा दंड धरला, जोरात नाही, अन् म्हणाली, "सही केली असती पोरी, त निदान घरातल्या कोनाचं त नाव लागलं असतं."

तेव्हापासून दामिनी करडीले आहे. परवा भेटली, बोडीच्या पाळीवर बसली होती, बाप आत कमरेएवढ्या पाण्यात. तिनं सगळं सांगतलं अन् मले विचारलं, मी चूक केली का रे? मी म्हटलं, थांब, विचारून सांगतो. चूप राहिली असती त त्या किनारीवर एक खोटं नाव राहिलं असतं. आता कोणाचंच नाही, तिच्या बापाच्या अंगठ्याचं बी नाही. म्हणून तुले विचारून राहिलो, घाई नको करू, नीट सांग. त्या खुर्चीवर तू असता, एका हाताले पेन अन् एका हाताले ती बटनं, अन् पाठीवर त्या माणसाची बोटं, त तू काय केलं असतं?